तांदळाच्या दाण्याएवढं

दिपालीबद्दल लिहायचं तर आधी उंदरांबद्दल लिहावं लागेल, आणि उंदरांबद्दल लिहायचं तर वृषण हा शब्द पहिल्याच परिच्छेदात येणार. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आत्ताच पान उलटावं. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. प्रजननाचा धडा आला की बाकीच्या शिक्षिका 'हा घरी वाचून या' म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी फळ्यावर आकृती काढायचे, नावं द्यायचे आणि जो खिदळेल त्याला उभं करून तीच नावं खणखणीत आवाजात वाचायला लावायचे. पोरांनी माझं काय नाव पाडलं होतं ते मला ठाऊक आहे. ते मात्र इथे लिहिणार नाही.

आता निवृत्त होऊन प्रताप नगरातलं घर सांभाळत बसले आहे. यजमान गेले, मुलगा बंगलोरला. मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यात दिपाली आणि तिचा नवरा पिंटू राहायला आले. दोघंही भिवापूरकडचे, घरची मिरचीची शेती. पिंटूचं आमच्या चौकात कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात नागपुरात कलेक्टरपेक्षा कूलरवाल्याला जास्त मान असतो. हिवाळ्यात तोच माणूस मिक्सर आणि इस्त्र्या उघडून बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही. काम करताना स्क्रू ओठांत धरायचे आणि तसंच गुणगुणायचं, ही त्याची सवय. एक कान वरून जरासा दुमडलेला, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा. दिपाली त्या कानाकडे बघत बसायची हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय.

मुलगी चुणचुणीत होती. बारावी सायन्स, पुढे लग्न. दुपारभर घरात बसून तिचा जीव कोंडायचा आणि माझ्या दारात येऊन ती माझी जुनी पुस्तकं चाळायची. शेवटी मीच माझ्या भाचीला फोन केला. गार्गी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, इथल्याच एका संशोधन संस्थेत आहे. म्हटलं, तुझ्याकडे काचेची भांडी धुवायला तरी माणूस लागतच असेल. गार्गी म्हणाली, "मावशी, भांडी धुणं हे आमच्याकडे सगळ्यात जोखमीचं काम आहे." मी म्हटलं, मग तर हीच पाठवते.

गार्गीचं काम काय, ते मला सांगू द्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाच्या वृषणात शुक्राणू नसतात. असतात त्या फक्त बीजपेशी, ज्यांपासून पुढे मोठेपणी शुक्राणू होणार. ते वृषण असतं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. गार्गी ते काढते, त्याचेही तुकडे करते आणि एका मऊ, खिरापतीतल्या वडीएवढ्या जेलच्या ठोकळ्यावर ठेवते. ठोकळा काचेच्या डिशमध्ये, डिशमध्ये पोषक द्रव, आणि डिश उबदार पेटीत. महिनाभरानं, सव्वा महिन्यानं त्या तुकड्यात, शरीराच्या बाहेर, आईबापाविना, शुक्राणू तयार होतात. गार्गीचे उंदीर असे आहेत की त्यांच्या पेशी त्या टप्प्याला पोहोचल्या की खास उजेडात हिरव्या चमकतात. म्हणजे हिरवं दिसलं की समजायचं, साधलं.

या सगळ्यात गोम एकच. तो तुकडा द्रवात बुडाला नाही पाहिजे. द्रव ठोकळ्याच्या अर्ध्यापर्यंतच यायला हवा. खालून जेलमधून ओलावा वर चढतो, अन्न मिळतं. वरून तुकड्याला हवा मिळते. बुडाला की गुदमरला. दिपालीने हे घरी येऊन पिंटूला सांगितलं तेव्हा तो तोंडातले स्क्रू काढून म्हणाला, "म्हणजे कूलरची ताटीच की वं. ओली पाह्यजे, पण बुडाली नाही पाह्यजे." ताटी म्हणजे कूलरच्या बाजूची वुडवूल भरलेली ओली जाळी. हे ऐकून गार्गी इतकी हसली की पुढे नव्या विद्यार्थ्यांनाही ती कूलरची ताटीच सांगायला लागली.

दिपाली भांड्यांवरून लवकरच पुढे सरकली. हात स्थिर, डोळा चांगला. दर थोड्या दिवसांनी जुना द्रव काढून नवा घालायचा असतो, ते काम गार्गीने तिच्याकडे दिलं. संध्याकाळी घरी आली की माझ्या दारातूनच सांगायची, "काकू, आज तीन नंबरमध्ये हिरवं दिसून राहिलं!" कुणाच्या घरी पाळणा हलल्याची बातमी द्यावी तसं सांगायची. मी म्हणायचे, उंदरांचं एवढं कौतुक करतेस, उद्या गणपतीही तुझ्यावर खूश होईल. ती हसायची. पण ते हसू लवकर विझायचं, आणि का, ते मला पुढच्या जानेवारीत कळलं.

भिवापूरहून मिरच्या आल्या होत्या. आम्ही दोघी गच्चीवर बसून देठ खुडत होतो. भिवापुरी मिरची ती, नुसती समोर ठेवली तरी नाकात जाते. डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे ती केव्हा रडायला लागली ते मला आधी समजलंच नाही.

"काकू," ती म्हणाली, "ह्यायले लहानपणी ब्लड कॅन्सर झाला होता."

पिंटू आठ वर्षांचा असताना. एकदा बरा झाला, मग आजार परत उलटला, मग फार जहाल औषधं, विजेचे शेक. पोरगा वाचला. पण त्या औषधांनी आणि शेकांनी त्याच्या शरीरातलं बीज जाळून टाकलं. लग्नानंतर दोघांनी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या, सुई घालूनही पाहिलं. काही नाही. डॉक्टरांनी दुसऱ्याचं बीज घ्या म्हटलं, दत्तक घ्या म्हटलं, दोन्ही नीट समजावून सांगितलं. पिंटू दोन्हीला तयार होता.

"मग?" मी विचारलं.

"मले लेकरू पाह्यजे असं नाही काकू. मले ह्यायचंच पाह्यजे."

मग तिने फोटोचं सांगितलं. सासरी देव्हाऱ्याच्या बाजूला पिंटूचा एक फोटो आहे, आजाराच्या आधीचा. मिरच्यांच्या ढिगावर बसलेला, एक कान दुमडलेला, दात पडलेले, हसतोय. भिवापूरला गेली की ती कामाच्या मिषाने दहादा त्या खोलीत जायची. "तो पोरगा मले पाह्यजे," ती म्हणाली. "तसाच. कान पण तसाच." आणि देठ खुडायला लागली.

"तुला लग्नाआधी हे सांगितलं नव्हतं का?" माझा आवाज चढला असावा.

"सांगतलं ना! ह्यायनंच सांगतलं. पाहाले आले तवा आम्हाले अंगणात बोलाले पाठवलं होतं. पहिल्यांदा हेच बोलले, कॅन्सरचं. म्हणे, पुढं लेकराचं काही सांगता येत नाही. मी म्हणलं, आता बरे आहात ना? म्हणे हो. म्हणलं, मंग झालं."

"आणि घरी कुणाला माहीत आहे?"

"कोणालेच नाही. आईले बी नाही." आई म्हणजे सासू, प्रयागबाई. भिवापुरात सगळ्यांना वाटायचं की दोष दिपालीत आहे, आणि ती ते वाटू देत होती. पिंटूने अनेकदा म्हटलं, मी आईला सांगतो. हिने शपथ घातली. लहानपणी जी बाई त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढली, तिला आता हे कशाला ऐकवायचं, असं तिचं म्हणणं. मला हे अजिबात पटलं नाही. बायकांनी सगळं आपल्या अंगावर ओढून घ्यायचं आणि वर त्याला माया म्हणायचं, याची मला जन्मभर चीड आहे. तसं मी बोललेही. तिने ऐकून घेतलं आणि केलं आपल्या मनासारखंच.

पण खरी गोष्ट पुढेच होती. डोळे पदराला पुसत ती हळूच म्हणाली, "काकू, उंदराचं शरीराबाहेर होते. मंग माणसाचं नाही का होणार?"

आता लक्षात आलं, ते हिरवं हिरवं कौतुक कशासाठी होतं ते. मी म्हटलं, "गार्गीला विचार. रोज तिच्यासमोर असतेस."

"विचारते," ती म्हणाली.

विचारलं नाही. महिना गेला, होळी झाली, ऊन तापायला लागलं. मी मधूनच भुवया उंचावायचे आणि ती मान हलवायची. एकदा चिडून म्हटलं, अगं, तोंड आहे ना तुला? तर म्हणाली, "काकू, विचारलं का उत्तर येते." तिची एक आशा होती, ती रोज त्या उबदार पेटीत ठेवून ती घरी यायची. उत्तर आलं की पेटी बंद.

मे महिन्यात भिवापूरला पिंटूच्या चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. पिंटूला दुकान सोडता येईना, दिपाली एकटीच गेली. सोबत साडी, बांगड्या, मी दिलेला नारळ. एकेक सवाष्ण पुढे येऊन त्या पोटुशीची ओटी भरत होती. दिपालीने ओंजळीत तांदूळ घेतले होते, नारळ घेतला होता, पुढे सरकत होती. तिचा नंबर आला तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "तू राहू दे वं दिपाली. तू सैपाकाकडे पाह्य."

एवढंच. आवाज चढवून नाही, टोमणा मारून नाही. दिपालीने ओंजळ परत ताटात सोडली आणि चुलीकडे गेली. त्यानंतर वाढप तिनेच केलं. हे तिने मला परत आल्यावर कपडे वाळत घालता घालता सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. मला इतका संताप आला की मी त्याच क्षणी प्रयागबाईंना फोन लावणार होते. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. गार्गी त्या आठवड्यात पुण्याला मीटिंगला गेली होती. जाताना सांगून गेली होती की चालू बॅच फार छान आली आहे, जपून. वर्षातली सगळ्यात चांगली बॅच होती ती, जवळजवळ प्रत्येक डिशमध्ये हिरवे ठिपके. द्रव बदलायचा दिवस होता. काम दिपालीच्या हातचं, डोळे मिटून करावं असं. तिने जुना द्रव काढला. नवा घालायला लागली. आणि हात थांबला नाही. अर्ध्यापर्यंत घालायचा तो द्रव तिने ठोकळ्याच्या वरपर्यंत घातला, एका डिशमध्ये, मग दुसऱ्या, मग सगळ्यांत. झाकणं लावली, पेटी बंद केली आणि घरी आली.

गार्गी परतली तोवर तुकडे गुदमरून गेले होते. मधोमध काळपट पडलेले, हिरवं कुठेच नाही. पुढचं मला गार्गीनेच सांगितलं, त्याच संध्याकाळी, माझ्या व्हरांड्यात चप्पल न काढता उभी राहून. तिने सगळ्यांना बोलावलं तर दिपाली स्वतःहून पुढे आली. मशीनवर ढकलता आलं असतं, वीज गेली होती म्हणता आलं असतं, नागपुरात मे महिन्यात कुणीही विश्वास ठेवला असता. ती म्हणाली, "मॅडम, मी भरलं."

"चुकून?"

"नाही."

"दिपाली, तूच नव्या मुलींना शिकवतेस ना, बुडू द्यायचं नाही म्हणून?"

"हो मॅडम. मले माहीत होतं. पण त्या दिवशी... ते एवढे हिरवे झाले होते. मले वाटलं, भरून द्यावं. ओटीत कोणी मापून घालते का?"

गार्गीला ओटीचं काही माहीत नव्हतं. ती चिडलेलीच होती. ती म्हणाली, हे काय बोलतेयस तू? आणि मग त्या मुलीने एका दमात सगळं सांगितलं. पिंटूचं, औषधांचं, भिवापूरचं, ओंजळीतल्या तांदळाचं. आणि शेवटी, इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "मॅडम, ह्यायचं होईन का?"

गार्गी खुर्चीवर बसली. मग तिने उत्तर दिलं. की उंदराचं जे आपण वाढवतो ते पिल्लाला कुठलंही औषध लागण्याआधी घेतलेलं असतं, त्यात बीजपेशी जिवंत असतात. पिंटूमध्ये त्या उरलेल्याच नाहीत, आणि जे उरलेलं नाही ते वाढवता येत नाही. औषधं सुरू व्हायच्या आधी त्याचा एक तुकडा काढून गोठवून ठेवला असता, तर निदान वाट बघता आली असती. आता काही ठिकाणी लहान मुलांचं तसं ठेवतातही. पण तेव्हा आपल्याकडे कुणाच्या डोक्यात ते नव्हतं. आणि ठेवलं असतं तरी माणसाचं बीज असं काचेत पूर्ण वाढवणं आजवर भरवशाने कुणाला जमलेलं नाही. आम्ही त्याच्याचसाठी उंदरांवर धडपडतोय.

"तिला सांगायची एवढी घाई काय होती?" मी गार्गीवर खेकसले. "बघू म्हणायचं होतंस."

"मावशी, मी 'बघू' म्हटलं असतं तर तिने दहा वर्षं त्या 'बघू'वर काढली असती." आणि मग माझी ही शास्त्रज्ञ भाची व्हरांड्यातच खांबाला टेकून रडायला लागली. बॅचसाठी की दिपालीसाठी, मी विचारलं नाही. दिपालीला कामावरून काढलं का, ते विचारलं. तर म्हणाली, "वेडी आहेस का? उद्या नवी बॅच लावायचीय. तिच्याइतका हात कुणाचा आहे?"

दिपाली तेव्हा मागे अंगणात पिंटूजवळ बसली होती. पिंटू कुणाच्या तरी कूलरला वुडवूल भरत होता. मी खिडकीतून उगीच कान देत नाही, पण अंगण माझंच आहे आणि खिडकीही माझीच. तिने आधी बॅचचं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे वं. पहिल्या वर्षी मी बी एका मॅडमचा पूर्ण कूलर पाण्यात बुडवला होता. मोटर जळाली." तिला जरा हसू आलं. मग तिने दुसरं सांगितलं. गार्गीचं उत्तर. तो वुडवूल भरत राहिला, तारा ताणत राहिला, जाळी लावली. शेवटी म्हणाला, "तू अजून वाट पाहून राहिली होती? मले वाटलं, तू सोडून देलं असंन."

"नाही सोडलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. मे महिन्यात! सकाळपासून माझ्या फाटकावर लोक यायला लागले. कुणाचा कूलर वाजत होता, कुणाचा पाणी ओढत नव्हता. पिंटू कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही, दिपालीलाही नाही. दुपार कलली तेव्हा तो भिवापूरहून उमरेड रोडच्या बसने परतला आणि त्याच्यामागे डोक्यावर पदर, हातात पिशवी घेतलेली प्रयागबाई. मी ठरवूनच बसले होते की या बाईला आज चार शब्द सुनवायचे. पाणी दिलं, आणि तोंड उघडणार तोच ती दिपालीकडे बघून म्हणाली, "मले माहीत होतं वं."

ती पाण्याचा पेला खाली ठेवून बसली.

"डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. हा एवढासा होता, खाटेवर. ह्याचे बाबा च्या आणाले गेले होते. डॉक्टर म्हणे, बाई, हे औषध देलं तं पोरगं वाचू शकते, पण पुढं याले लेकरू होणार नाही. मी म्हणलं, वाचवा. नातवाचं कोणाले सुचते तवा?" तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "मंग कोणाले सांगतलं नाही. ह्याच्या बाबाले नाही, ह्याले नाही. म्हणलं, डॉक्टरचं बी चुकते. तुह्या बापाले बी नाही सांगतलं. फसवून आणलं तुले मी. दरवर्षी तू घरी आली का तुह्या पोटाकडे पाहो मी, का आता तरी डॉक्टर खोटा निघन. अन् तू दिसली का मले माहीच चोरी दिसे. त्या दिवशी तू तांदूळ घेऊन उभी राह्यली, मले पाहवलं नाही. म्हणून सैपाकाकडे पाठवलं."

पिंटू खाली बघत होता. त्याने भिवापूरला जाऊन आईला 'दोष माझ्यात आहे' म्हणून सांगितलं, तेव्हा ती 'मले माहीत आहे' एवढंच म्हणाली होती आणि पायात चप्पल सरकवून त्याच्यासोबत निघाली होती.

दिपाली म्हणाली, "आई, मले कोणी फसवलं नाही. ह्यायनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. अंगणात."

प्रयागबाईने पोराकडे पाहिलं, मग सुनेकडे. "अन् तू हो म्हणली?"

"हो."

"काहून?"

दिपालीने नवऱ्याकडे पाहिलं आणि लाजली. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई, सासूसमोर, घरमालकिणीसमोर, कानापर्यंत लाल झाली. तेच तिचं उत्तर. आई त्या दोघांपासून आणि ती दोघं आईपासून, दुखवू नये म्हणून एकच गोष्ट लपवत बसली होती, आणि तिघांनाही ती ठाऊक होती. मला हसावं की रडावं कळेना. मी उठून चहा टाकला, त्यात साखर विसरले, आणि सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

प्रयागबाई दोन-चार दिवस राहिल्या. कुरड्या घातल्या, माझ्या गच्चीची कळा बदलली. सासूसुनेत फार बोलणं झालं असं नाही, पण संध्याकाळी एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या. जायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "ते उंदराचं काय करतं तू, मले दाखवतं का?"

गार्गीने नियमात बसवून परवानगी काढली. उंदरांच्या खोलीत नाही, फक्त सूक्ष्मदर्शकाजवळ. मीही गेले, मला कुणी बोलावलं नसताना. नवी बॅच लागली होती, आधीच्या एका बॅचची, दुसऱ्या पेटीत ठेवलेली एक डिश मात्र अजून जिवंत होती. दिपाली पांढरा कोट घालून, केस टोपीत कोंबून, ती डिश दोन्ही हातांनी घेऊन आली. प्रयागबाईंनी पदर सावरून वाकून पाहिलं.

"कुठं हाये?"

"हे पहा आई. ह्या वडीवर. तो ठिपका."

"हा?"

मग दिवे मालवले आणि दिपालीने त्यांचा चेहरा हलकेच धरून यंत्राच्या भिंगाशी लावला. अंधारात फक्त यंत्राची घरघर होती. मग म्हणाल्या, "हिरवं हिरवं हाये. मिरचीच्या रोपावानी." आणि पुन्हा बघत राहिल्या.

दिवे लागले. त्यांनी गार्गीला विचारलं, "मॅडम, माह्या पोराचं तवा काढून ठेवाचं असतं, तं केवढं काढा लागलं असतं?"

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. या बाईला खरंच उत्तर हवं होतं. गार्गी म्हणाली, "थोडंसंच, आजी. तांदळाच्या दाण्याएवढं."

प्रयागबाईंनी अंगठा आणि बोट जुळवून मधे तेवढी फट ठेवली. ती त्यांनी गार्गीला दाखवली. गार्गीने मान हलवली. त्यांनी तीच फट सुनेला दाखवली. दिपालीने डिशवर झाकण ठेवलं, डोळ्यासमोर धरून द्रव कुठपर्यंत आहे ते पाहिलं आणि डिश परत पेटीत ठेवली.

रिक्षात आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो. बाहेर आगीसारखी हवा, सगळ्या खिडक्यांत कूलर घुमत होते. दिपाली मधे होती. प्रयागबाईंची ती चिमूट अजून तशीच होती, मांडीवर ठेवलेली, जणू तिच्यात काहीतरी धरलंय आणि सांडेल. प्रताप नगरचं वळण आलं तेव्हा त्यांनी ती चिमूट सुनेच्या तळहातावर आणून टेकवली.

"एवढुसंच?" त्या म्हणाल्या. "एवढुसं तं मी देलं असतं वं, दिपाली. कोणी मांगतलंच नाही."